चारित्र्य पडताळणीचा कागद ठाण्यात पोचण्याआधी

सरकारी नोकरी लागलेली पोरं पोलिसांच्या अहवालाला घाबरतात आणि साक्षांकन नमुना, म्हणजे पडताळणीसाठी स्वतःची माहिती लिहून द्यायचा फॉर्म, मात्र नेट कॅफेत बसून दहा मिनिटांत भरून टाकतात. उलटं पाहिजे. अहवालात जे येणार ते आधीच कुठल्या ना कुठल्या नोंदवहीत लिहून झालेलं असतं. नमुन्यात काय लिहायचं ते अजून तुमच्या हातात असतं, आणि माझ्या पाहण्यात ज्यांच्या नोकऱ्या अडकल्या त्यातल्या बहुतेकांच्या नमुन्यामुळंच अडकल्या.

मी तालुक्याच्या पोलीस ठाण्यात बरीच वर्षं गोपनीयला होते. सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. गोपनीय म्हटलं की लोकांना गुप्तहेर वाटतात. तसलं काही नाही. कोणत्या गावात यात्रेवरून दोन गट पडलेत, मोर्चाला किती माणूस येईल, कोणाचा पासपोर्ट, कोणाची चारित्र्य पडताळणी, हे सगळं त्या एका टेबलावर येतं. मी बाई असल्यामुळं लोक ओसरीवर न बसवता आतपर्यंत न्यायचे, आणि चुलीपाशी जेवढं खरं बोललं जातं तेवढं ओसरीवर बोललं जात नाही.

आता कागद कसा फिरतो ते आधी समजून घ्या. तुम्ही नमुना भरून दिला की नेमणूक देणारं कार्यालय तो पोलीस अधीक्षकांकडं पाठवतं, शहर असेल तर पोलीस आयुक्तांकडं. तिथून तो विशेष शाखेत जातो. शाखा तो तुम्ही लिहिलेल्या पत्त्यांच्या ठाण्यांना पाठवते. पत्ते दोन जिल्ह्यांतले असतील तर दोन्हीकडं. ठाण्यात गोपनीयचा कर्मचारी नाहीतर बीट अंमलदार आधी दप्तर बघतो: गुन्हे नोंदवही, अदखलपात्र नोंदी, प्रतिबंधक कारवायांचं रजिस्टर, आणि आता सीसीटीएनएस, म्हणजे ठाण्यांच्या नोंदी जोडणारी संगणक यंत्रणा. पूर्वी दुसऱ्या जिल्ह्यातली केस आमच्या दप्तरात नसायची, ती हवी तर पत्र पाठवून उत्तराची वाट बघायची. आता राज्यातल्या दुसऱ्या ठाण्यातली नोंदही संगणकावर सापडते. ‘ती केस पुण्यात झाली, गावाकडं कुणाला कळतंय’ या भरवशावर आता बसू नका.

दप्तरानंतर गाव. पोलीस पाटील, शेजारी, कधी शाळेचे मास्तर. मग अहवाल त्याच वाटेनं परत. एवढं लक्षात घ्या की पोलीस फक्त कळवतात. नेमायचं की नाही हे ठरवतं तुमचं नेमणूक करणारं कार्यालय. ‘मॅडम, तेवढं चांगलं लिहा’ म्हणणारे पुष्कळ भेटले. अहवालात चांगलं-वाईट असं काही लिहायचं नसतं. गुन्हा दाखल आहे की नाही, असेल तर नंबर, कलम, सद्यस्थिती, आणि चौकशीत काय आढळलं, एवढंच.

नमुना स्वतः बसून भरा

सगळ्यात आधी नावं. दहावीच्या सनदेवर एक, आधारवर दुसरं, सातबारावर तिसरं, असं आपल्याकडं घरोघरी असतं. नमुन्यावर दहावीच्या सनदेप्रमाणं नाव लिहा आणि दुसरी नावं त्यासाठी ठेवलेल्या रकान्यात लिहा. आडनाव बदललं असेल, टोपणनावानंच गाव ओळखत असेल, तर तेही. एकदा एका मुलाच्या चौकशीला मी गावभर फिरले, या नावाचा कोणी नाहीच म्हणाले. शेवटी त्याच्या आईनंच सांगितलं, त्याला सगळे ‘बाळू’ म्हणतात. नमुन्यात बाळूचा पत्ताच नव्हता.

लग्न झालेल्या मुलींची इथं खरी अडचण होते. अर्ज माहेरच्या नावानं, प्रमाणपत्रं माहेरच्या नावानं, राहायला सासरी. अशा वेळी राजपत्रातल्या नावबदलाची किंवा विवाह नोंदणीची प्रत जोडा आणि दोन्ही पत्ते लिहा. कागद दोन्ही ठाण्यांत जाईल, थोडा वेळ लागेल, पण चालेल. नुसता सासरचा पत्ता दिला आणि लग्नाला सहाच महिने झालेले असले, तर सासरच्या गावात मी विचारणार कोणाला? त्या गल्लीत सूनबाईंना अजून कोणी नीट पाहिलेलं नसतं. घटस्फोटाचं किंवा 498-अ चं (सासरच्या छळाचं) प्रकरण चालू असेल तर ‘मी तर फिर्यादी आहे’ म्हणून निश्चिंत राहू नका. समोरच्यांनी उलटी तक्रार दिली आहे का ते बघून घ्या. बऱ्याचदा दिलेली असते.

पत्त्यांचा रकाना पोरं सगळ्यात वाईट भरतात. केंद्राच्या नमुन्यात गेल्या 5 वर्षांत जिथं जिथं एका वर्षापेक्षा जास्त राहिलात ते सगळे पत्ते मागतात. तुमच्या नमुन्यातला कालावधी वाचून घ्या. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत तीन-तीन वर्षं कॉट बेसिसवर राहतो आणि नमुन्यात फक्त गावचा पत्ता लिहितो. कारण विचारलं तर म्हणतो, भाडेकरार नाही, मालक पावतीही देत नाही. अरे, रकान्यात पत्ता मागितलाय, पावती नाही. घर क्रमांक, मालकाचं नाव, महिना-वर्ष लिहा, खोल्या बदलल्या असतील तर क्रमानं. त्या मालकाला एक फोन करून ठेवा, म्हणजे तिथला पोलीस विचारायला गेला की ‘कोण? इथं पन्नास पोरं राहून गेली’ असं उत्तर मिळणार नाही. दोन पत्त्यांच्या तारखांमध्ये आठ महिने रिकामे सोडले तर ते आठ महिने कुठं होता हे कोणीतरी विचारणारच.

नातेवाइकांचा रकाना म्हणजे आई, वडील, भाऊ, बहिणी, नवरा किंवा बायको. लग्न होऊन गेलेल्या बहिणीही. कोणी परदेशात असेल तर लिहा. दुबईला नोकरीला गेलेला भाऊ हा काही डाग नाही, पण तो लपवला की प्रश्न उभा राहतो. भावावर केस आहे म्हणून माझं काय होईल, असं विचारत पोरं येतात. गुन्ह्याचे प्रश्न तुमच्याबद्दल आहेत, भावाबद्दल नाहीत. विचारलं आहे तेवढ्याचं उत्तर द्या.

ओळख सांगणाऱ्या दोन माणसांची नावं देताना आधी त्यांना विचारा. नातेवाईक नकोत. आणि कृपा करून, ज्याच्याशी तुमच्या वडिलांचा बांधावरून तीस वर्षं वाद चालू आहे तो माणूस केवळ माजी सरपंच आहे म्हणून लिहू नका.

खरा रकाना: अटक, खटला, दंड, बंधपत्र

इथं थांबा, पेन खाली ठेवा आणि प्रश्न एकेक करून वाचा. कधी अटक झाली का. खटला चालला का. स्थानबद्ध केलं का. बंधपत्र लिहून घेतलं का. न्यायालयानं दंड केला का. शिक्षा झाली का. विद्यापीठानं किंवा लोकसेवा आयोगानं परीक्षेला बसायला मनाई केली का. नमुना भरताना कुठल्या न्यायालयात केस प्रलंबित आहे का. हे वेगवेगळे प्रश्न आहेत, आणि ‘सुटलो, म्हणजे काही नाही’ हे यातल्या कोणत्याच प्रश्नाचं उत्तर होत नाही. निर्दोष सुटलात तरी अटक झाली होती, खटला चालला होता. ‘कधी’ या शब्दाला मुदत नसते.

पोरं कशाला ‘केस’ धरत नाहीत याची माझ्याकडं मोठी यादी आहे. यात्रेत तीन पानी खेळताना धाड पडली, महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 (अ) खाली नाव आलं, न्यायालयात कबुली देऊन दंड भरला आणि विसरून गेले. ही शिक्षा आहे. 31 डिसेंबरच्या रात्री दारू पिऊन गाडी चालवताना सापडले, न्यायालयात दंड भरला. हीसुद्धा. सिग्नल तोडल्याचं ई-चलान मोबाईलवर भरलं तर तो न्यायालयाचा दंड नव्हे. पण तेच प्रकरण न्यायालयात जाऊन तिथं दंड भरला असेल तर लिहून मोकळे व्हा. लिहिल्यानं कोणाची नोकरी गेल्याचं मी पाहिलं नाही.

मग चॅप्टर केस. गावात भावकीचं भांडण झालं की ठाणेदार दोन्हीकडच्या लोकांवर प्रतिबंधक कारवाई करतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 107, 110, 151 ही कलमं होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तीच 126, 129 आणि 170 झाली. तालुका दंडाधिकाऱ्यांपुढं उभं राहून शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून दिलं, घरी आले, जेवले, विषय संपला. नमुन्यातला बंधपत्राचा प्रश्न नेमका यालाच लागू होतो. ही शिक्षा नाही, हा गुन्हाही नाही, पण ‘नाही’ असं लिहिलंत आणि आमच्या प्रतिबंधक कारवायांच्या रजिस्टरमध्ये तुमचं नाव निघालं, तर खोटं लिहिल्याचा ठपका येतो. 151 मध्ये एक रात्र ठाण्यात बसवलं असेल तर अटकेच्या प्रश्नालाही उत्तर द्यावं लागतं.

एनसीचा, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा, गोंधळ वेगळा. अदखलपात्र तक्रार दिली गेली, पोलिसांनी समज देऊन सोडलं, न्यायालयात काही गेलंच नाही, तर अटकही नाही आणि खटलाही नाही. तरी नमुन्यात ‘तुमच्याविरुद्ध कधी गुन्हा नोंद झाला का’ असा थेट प्रश्न असेल तर शब्द नीट बघा. सगळ्या विभागांचे नमुने सारखे नसतात. शेजाऱ्याच्या नमुन्याची झेरॉक्स बघून उत्तरं भरणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

गुन्हा दाखल झाला आणि पोलिसांनी समरी (तपास बंद करण्याचा अहवाल) न्यायालयात पाठवली असेल, तरी न्यायालयानं ती मंजूर केली का ते बघा. बी समरी म्हणजे तक्रार खोटी निघाली, सी समरी म्हणजे धड खरी ना खोटी, गैरसमजातून झालेली. मंजुरीचा आदेश हातात नसेल तर दप्तरात तुमच्या नावापुढं गुन्हा तपासावरच दिसत राहतो. आंदोलनातल्या केसेसचंही तेच. सरकारनं खटले मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला म्हणजे तुमचा खटला संपला असं होत नाही. सरकारी वकिलानं न्यायालयात अर्ज द्यावा लागतो, न्यायालयानं परवानगी द्यावी लागते, आणि त्या आदेशावर तुमचा केस नंबर असावा लागतो. पेपरातलं कात्रण आणून दाखवणारे भेटले आहेत मला. कात्रणाचं मी काय करू?

आणि सर्वांत वाईट प्रकार: ‘व इतर 20 ते 25 जण’. फिर्यादीत नाव नाही म्हणून पोरगा निर्धास्त असतो, आणि दोषारोपपत्रात त्याचं नाव आलेलं असतं. तो पुण्यात अभ्यासिकेत, समन्स गावाकडं, वडील म्हणतात पोराला टेन्शन नको. म्हणून नमुना भरण्याआधी स्वतः शोधा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा, न्यायालय, नाव आणि वर्ष टाकून बघा. नावाची दोन-तीन स्पेलिंगं टाका, वडिलांच्या नावानंही बघा. राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रथम खबरी अहवाल बघायला मिळतात, काही संवेदनशील गुन्हे सोडून. चारित्र्य प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो, तो आधीच करून ठेवला तर काय निघतं ते तुम्हाला अगोदर कळतं. आणि वडिलांना सरळ विचारा: माझ्या नावाचा कुठला कागद घरी आलाय का? या एका प्रश्नातून जेवढं बाहेर येतं तेवढं संगणकातून येत नाही.

केस लिहिली तर नोकरी जाते का

यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, तीन न्यायमूर्तींचा, 21 जुलै 2016 चा, अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार. चारित्र्य पडताळणीचं कुठलंही भांडण आज तिथूनच सुरू होतं. मी वकील नाही, पण हा निकाल आमच्या टेबलावरून इतक्या वेळा गेलाय की त्यातलं साध्या माणसाच्या कामाचं तेवढं सांगते.

माहिती खरी असली पाहिजे, लपवाछपवी चालणार नाही, हा पाया. मात्र लपवलेली गोष्ट अगदी किरकोळ असेल, तरुण वयात घोषणा दिल्यासारखी, जी सांगितली असती तरी नोकरी गेली नसती, तर कार्यालय ती माफ करू शकतं. करू शकतं, केलीच पाहिजे असं नाही. किरकोळ प्रलंबित केस खरी सांगितली असेल तर तिच्या निकालाच्या अधीन राहून नेमणूक देता येते. अनेक केसेस मुद्दाम लपवल्या असतील तर तेवढंच नेमणूक रद्द करायला पुरे. उलट बाजूही ऐका: सगळं खरं सांगितलंत तरी कार्यालयाला विचार करण्याचा अधिकार राहतो, ‘मी सांगितलं होतं’ म्हणून नेमणूक हक्कानं मागता येत नाही. गंभीर गुन्ह्यातून तांत्रिक कारणावर किंवा संशयाच्या फायद्यावर सुटलेल्याला हे फार लागू पडतं. म्हणून निकालाची प्रत वाचा. साक्षीदार फिरले म्हणून सुटलात की मुळात पुरावाच नव्हता म्हणून, हे कार्यालय बघतं.

आणखी दोन मुद्दे, जे पोरांना माहीत नसतात. नमुन्यातला प्रश्न स्पष्ट असला पाहिजे. जे विचारलंच नाही ते न सांगितल्याबद्दल तुम्हाला लपवल्याचा दोषी ठरवता येत नाही, भले ती माहिती दुसरीकडून कळली तर कार्यालय तिचा विचार करील. आणि लपवल्याचा ठपका ठेवण्याआधी ती गोष्ट तुम्हाला माहीत होती हे दिसलं पाहिजे. ‘इतर 20 ते 25’ वाल्यांचा आधार तो हाच. नोकरीत कायम झालेल्या माणसाला लपवल्याच्या कारणावरून काढायचं तर विभागीय चौकशी करावी लागते, हेही त्यातच आहे.

पुढं 2022 मध्ये दोन निकाल आले, आणि ते शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत. मे महिन्यात रेल्वे सुरक्षा दलातल्या एका शिपायाला न्यायालयानं परत घ्यायला सांगितलं: केस किरकोळ होती, तो नमुना भरण्याआधीच सुटला होता, आणि नुसती माहिती दडवली एवढ्यावरून यांत्रिकपणे काढून टाकणं बरोबर नाही. सप्टेंबरमध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या जवानाचं अपील मात्र फेटाळलं. गणवेशातल्या नोकरीला सचोटीची पट्टी जास्त कडक, हे तिथं स्पष्ट दिसतं. पोलीस भरतीची आणि तलाठी भरतीची तयारी एकच मुलगा करतो, पण दोन्हीकडं त्याच केसकडं एकाच नजरेनं बघत नाहीत.

अठराच्या आतलं काही असेल तर थोडं वेगळं आहे. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम 24 नुसार त्या वयातल्या दोषसिद्धीमुळं अपात्रता येत नाही, आणि कलम 74 पोलिसांना सांगतं की निकाली निघालेल्या प्रकरणातली बालकाची नोंद चारित्र्य प्रमाणपत्रासाठी उघड करायची नाही. सोळाच्या वरच्या मुलावर मोठ्यांसारखा खटला चालला असेल तर कलम 24 चं हे संरक्षण मिळत नाही. हे आमच्या खात्यातही सगळ्यांना पाठ नसतं, म्हणून तुमच्या वकिलाकडून त्या रकान्यात नेमकं काय लिहायचं ते घ्या आणि बाल न्याय मंडळाच्या आदेशाची प्रत जवळ ठेवा.

लिहिताना कसं लिहायचं, ते सांगते. ‘होय’ असं लिहा. पुढं पोलीस ठाणं, गुन्हा नंबर आणि वर्ष, कलमं, न्यायालयाचं नाव, खटला नंबर, आज काय स्थिती. जागा पुरली नाही तर स्वतंत्र कागद, खाली सही, तारीख. आदेशाची प्रमाणित प्रत. कहाणी लिहू नका. ‘विरोधकांनी राजकीय द्वेषातून’ हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की ते आलं की डोळा आपोआप पुढच्या ओळीवर जातो.

पोलीस घरी आल्यावर

फोन येईल. आला की त्या दिवशी घरी राहा, नाही जमलं तर तसं सांगा. मूळ कागद आणि झेरॉक्स तयार ठेवा: आधार, रेशन कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, निवडीचं पत्र, फोटो. शेजारच्या दोघांचे जबाब लागतात, त्यांना आधी कल्पना द्या, पण काय बोलायचं ते शिकवू नका. शिकवलेलं लगेच कळतं. एका गल्लीत चौघांनी मला शब्दन् शब्द सारखं सांगितलं होतं, ‘मुलगा निर्व्यसनी, होतकरू व सुस्वभावी आहे’. मुलगा खरोखर चांगला होता, पण मला त्या चौघांमुळं पाचव्या घरी जावं लागलं.

चहा द्या, पाणी द्या. पैसे देऊ नका. या कामाला लागणारं अधिकृत शुल्क कुठं असेल तर ते पावतीनं भरायचं असतं, हातात नाही. मागितलेच तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक 1064 आहे. सरकारी नोकरीची सुरुवात लाच देऊन करायची आणि पुढं कोणी मागितली की चिडायचं, हे मला कधी कळलं नाही. असो.

अहवाल रखडला तर आधी तुमच्या कार्यालयातून जावक क्रमांक आणि तारीख घ्या. ती घेऊन विशेष शाखेत विचारा, ते कोणत्या ठाण्याला कधी पाठवलं ते सांगतील. ठाण्यात नुसतं ‘माझा कागद आला का’ विचारून काही निघत नाही. पुण्याचा पत्ता असेल तर कागद बहुतेक तिथंच थांबलेला असतो. केंद्राच्या नोकरीत 2016 पासून सूचना आहे की पोलीस अहवाल आला नाही म्हणून नेमणूक अडवू नये, नमुना आणि स्वयंघोषणा घेऊन तात्पुरतं नेमणूकपत्र द्यावं. तात्पुरतं हा शब्द मात्र विसरू नका. अहवाल उलटा आला तर ते पत्र मागे घेता येतं.

उलटा अहवाल गेला आणि कारणे दाखवा नोटीस आली, तर मुदतीत लेखी उत्तर द्या. साहेबांना भेटून तोंडी सांगणं म्हणजे उत्तर नव्हे. उत्तरात तीनच गोष्टी हव्यात: केसचं स्वरूप आणि तेव्हाचं तुमचं वय, निकाल कसा लागला, आणि नमुन्यात तुम्ही नेमकं काय लिहिलं होतं. तिसरीसाठी नमुन्याची झेरॉक्स लागते. ती ठेवलेली नसते, आणि मग पोरगा आठवणीतून उत्तर लिहितो. नेमणूक रद्दच झाली तर राज्य शासनाच्या सेवेसाठी मॅट (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) आहे, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला, केंद्रासाठी कॅट (केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण). अंतिम आदेशापासून एका वर्षाच्या आत जायचं.

नमुना दिल्यानंतरही तुम्ही मोकळे नसता. नमुन्यावरच इशारा छापलेला असतो की यानंतर अटक झाली, खटला झाला, सुटका झाली तरी लगेच कळवावं. निवड आणि रुजू होणं यांच्यामधले महिने फार वाईट. पोरगा आनंदात असतो, मित्र मिरवणूक काढतात, डीजे लागतो, भांडण होतं, आणि निवड झालेलाच आरोपी क्रमांक एक. झालंच असं काही तर कार्यालयाला पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. रुजू झाल्यावर अटक होऊन कोठडी 48 तासांच्या वर गेली तर निलंबन आपोआप झाल्याचं मानतात, घरच्यांनी कितीही ‘आजारी आहे’ म्हणून रजेचा अर्ज पाठवला तरी.

अणुऊर्जा, आयुध निर्माणी, संरक्षण संशोधन, विमानतळ अशा ठिकाणी लागलात तर पडताळणी एकदा होऊन संपत नाही. तिथं परदेशी ओळखी, परदेश प्रवास, मोबाईल कुठं न्यायचा आणि कुठं नाही याचे वेगळे नियम असतात, आणि रुजू होताना ज्या कागदावर सही घेतात त्यात शासकीय गुपिते अधिनियम, 1923 चा उल्लेख असतो. सही करण्याआधी तो वाचा. मे 2023 मध्ये पुण्यात संरक्षण संशोधन संस्थेतल्या एका ज्येष्ठ शास्त्रज्ञाला राज्याच्या दहशतवादविरोधी पथकानं (एटीएस) याच कायद्याखाली अटक केली, समाजमाध्यमांवरून ओळख वाढवलेल्या परदेशी हस्तकाला माहिती दिल्याच्या आरोपावरून. माणूस निवृत्तीच्या जवळ आलेला होता, पडताळणी केव्हाच होऊन गेलेली. अनोळखी बाईचा किंवा बुवाचा मेसेज आला, ती तुमच्या कामाविषयी गोड बोलून विचारायला लागली, तर उत्तर न देता, चॅट न पुसता तुमच्या सुरक्षा अधिकाऱ्याला लेखी कळवा. पुसलेल्या चॅटवर तुमची बाजू मांडता येत नाही.